सॉल्ट लेक स्टेडियमचा इतिहास काय आहे? ते केवळ फुटबॉलसाठीच वापरले जाते का?

कोलकात्याचे सॉल्ट लेक स्टेडियम, म्हणजे अधिकृत नावाने विवेकानंद युवा भारती क्रीडांगण, कसे घडले आणि तेथे फुटबॉलखेरीज आणखी काही होते का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या स्टेडियमची गोष्ट सामन्यांइतकीच गर्दीची आहे. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मडन स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांची मैदाने शहराच्या मध्यभागी असली, तरी ती लहान असल्यामुळे मोठे सामने अनेकदा क्रिकेटच्या ईडन गार्डन्सवर खेळवले जात. तेथेच 16 ऑगस्ट 1980 रोजी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी व चेंगराचेंगरी होऊन 16 जणांचा जीव गेला. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या दिवशी रक्तदान शिबिरे भरतात. मोठ्या आणि खास फुटबॉलच्या स्टेडियमची गरज यापेक्षा विदारकपणे सिद्ध होणे शक्य नव्हते.

शहराच्या पूर्व भागात 1984 मध्ये खुल्या झालेल्या या तीनमजली, लंबवर्तुळाकार स्टेडियममध्ये सुमारे 1,20,000 प्रेक्षक मावत. तेही कधीकधी अपुरे पडे. 13 जुलै 1997 रोजी फेडरेशन चषक या भारतीय क्लबांच्या स्पर्धेत मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या उपांत्य सामन्यासाठी 1,31,781 प्रेक्षक आल्याची नोंद आहे. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या ‘डायमंड’ व्यूहरचनेचा तेव्हा फार बोलबाला होता, आणि सामन्याआधी त्यांनी प्रतिस्पर्धी खेळाडूंची जाहीर टिंगलही केली होती. पी. के. बॅनर्जी यांच्या ईस्ट बंगालने त्याला 4-1 असे उत्तर दिले. त्यातले तीन गोल एकट्या भायचुंग भूतियाचे होते.

फुटबॉलखेरीज येथे 1986 मध्ये हिंदी चित्रपट कलावंतांचा ‘होप 86’ हा भव्य कार्यक्रम झाला, तर 1987 मध्ये दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा कोलकात्यात भरल्या. मैदानाभोवती धावपट्टी असल्यामुळे अ‍ॅथलेटिक्सची सोय आहे खरी, पण त्यामुळेच प्रेक्षक खेळापासून दूर पडतो, हा मला या रचनेतला मोठा दोष वाटतो.

पुढे येथे कृत्रिम हिरवळ अंथरली गेली. मेस्सीच्या अर्जेंटिनाने 2 सप्टेंबर 2011 रोजी व्हेनेझुएलाला 1-0 असे हरवले ते तिच्यावरच. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी मात्र नैसर्गिक गवत परत आले आणि प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची मिळाली, त्यामुळे क्षमता बरीच घटली. इंग्लंडने 0-2 अशा पिछाडीवरून स्पेनला 5-2 असे नमवले, तो अंतिम सामना 66,684 जणांनी पाहिला. आकडा निम्म्यावर आला याची हळहळ अनेकांना वाटते; 1980 आठवले की मला ती वाटत नाही.

भारताचा कर्णधार सुनील छेत्री 6 जून 2024 रोजी कुवेतविरुद्ध येथेच आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला, जरी 2025 मध्ये तो पुन्हा भारताकडून खेळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर तरुणीच्या हत्येनंतर ड्युरँड चषकातील मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना रद्द झाला, तेव्हा एरवी एकमेकांवर तुटून पडणारे दोन्ही क्लबांचे समर्थक न्यायाची मागणी करत या स्टेडियमबाहेर एकत्र जमले, आणि मोहम्मडन स्पोर्टिंगचे समर्थकही त्यांना येऊन मिळाले.