टाकी मोठी की पंप मोठा? पेंटिंग सुरू करणाऱ्या गॅरेजचा हिशेब

प्रश्न : कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं चारचाकीचं गॅरेज आहे. आता डेंटिंग-पेंटिंगही सुरू करतोय. हवेवर चालणारा एक सँडर (पत्रा घासायला), एक स्प्रे गन, एक इम्पॅक्ट गन (नट खोलायला) चालवायची आहे. त्यासाठी एअर कॉम्प्रेसरची जीएसटी धरून तीन कोटेशनं आलीत : ५ एचपी, २२० लिटर ७२,००० रुपये, तोच पंप ५०० लिटर टाकीसह ९८,०००, आणि १० एचपी, ५०० लिटर १,८५,०००. हातात ३०,००० आहेत, एफडी २,७०,००० ची. घर आणि गॅरेज मिळून महिन्याचा खर्च ४५,०००. एफडी मोडून मोठाच घ्यावा का?

उत्तर : एफडी मोडू नका, आणि ५ एचपी, २२० लिटरचाच घ्या.

टाकी हवा फक्त साठवते, तयार करतो तो पंप. म्हणून आधी पंपाचा आकडा तपासा. कोटेशनवर २० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) लिहिलं असेल तर ते बहुतेक वेळा पिस्टन डिस्प्लेसमेंट, म्हणजे पिस्टन कागदोपत्री ओढतो ती हवा, असतं. टाकीत खरोखर पडणारी हवा, म्हणजे एफएडी, त्याच्या साधारण ७० टक्के, १४ सीएफएम धरा.

सँडरला १२ सीएफएम, एचव्हीएलपी (कमी दाबाने जास्त हवा सोडणाऱ्या) स्प्रे गनला १२, इम्पॅक्ट गनला ५ लागतात असं समजा. सँडर आणि स्प्रे गन एकत्र चालवायचीच नाही, नाहीतर धूळ ओल्या रंगावर बसते. म्हणून हिशेबात दोन्हींपैकी एकच धरू. सँडर तासातला निम्मा वेळ चालला तर सरासरी ६, इम्पॅक्ट गन पाव तास चालली तर सव्वा, वर गळतीचे २० टक्के. एकूण पावणेनऊच्या आत. १४ च्या पंपावर हा भार ६२ टक्के झाला, आणि पिस्टन कॉम्प्रेसरला तो झेपतो. सतत ७०-७५ टक्क्यांच्या वर राबवला की हेड तापतं, व्हॉल्व प्लेटवर कार्बन धरतो, तेल हवेत यायला लागतं. पेंटिंगवाल्याला ते तेल फार महाग पडतं.

टाकीचा उपयोग मागणी पंपाच्या पुढे जाते तेव्हा होतो. स्प्रे गन आणि इम्पॅक्ट गन एकदम चालली तर १७ सीएफएम लागतात, म्हणजे ३ चा तुटवडा. प्रेशर स्विच ११० पीएसआयला (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) चालू, १५० ला बंद असा लावा. प्रेशर नेमका ११० वर असताना तुटवडा सुरू झाला, तरी ९० च्या कामाच्या प्रेशरपर्यंत उतरायला २२० लिटरच्या टाकीला साडेतीन मिनिटं लागतात. दरवाजावर एक कोट मारायला एवढा वेळ पुरतो. ५०० लिटरला आठ मिनिटं मिळतात हे खरं. मोटरही तासाला नऊऐवजी चारदाच सुरू होईल, हाही फायदाच. पण त्यासाठी २६,००० जास्त मोजण्याएवढी आज गरज नाही. पुढे लागलीच तर दुसरी टाकी पाइपने जोडता येते.

दोन सँडर एकदम चालवायचे ठरले तर मात्र गणित बदलतं. मागणी १६ सीएफएमच्या घरात जाते आणि १४ चा पंप कमीच पडतो, मग टाकी ५०० ची असो की १००० ची. तेव्हा निदान ७.५ एचपीचा पंप लागेल. तोवर १० एचपीचा विचार नको. त्याला महावितरणकडून मंजूर भारही वाढवून घ्यावा लागू शकतो.

आता पैशांचं. तुमची एफडी म्हणजे बरोबर सहा महिन्यांचा खर्च, तिला हात लावायचा नाही. हातातले ३०,००० भरा आणि उरलेले ४२,००० एफडीवरच्या ओव्हरड्राफ्टमधून (एफडी न मोडता तिच्या तारणावर मिळणारी उचल) घ्या. बँका साधारण एफडीच्या ९० टक्क्यांपर्यंत मर्यादा देतात, दर एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो, आणि व्याज वापरलेल्या रकमेवरच लागतं. मर्यादा २,४३,००० मिळाली तर २,०१,००० अडीअडचणीला मोकळे राहतात, म्हणजे साडेचार महिन्यांचा खर्च. १० एचपी घेतलात तर ८८,००० उरतील, दोन महिनेही निघणार नाहीत. आणि नव्या कामाला गिऱ्हाईक जमायला वेळ लागतो, नेमकी तेव्हाच ही गंगाजळी हवी असते. महिन्याला ४,००० भरलेत तर वर्षाच्या आत खातं बरोबरीला येईल.

जीएसटीत नियमित नोंदणी असेल तर ७२,००० मधले सुमारे १०,९८० क्रेडिट मिळतील, म्हणजे भरायच्या जीएसटीतून वजा होतील. मग त्या रकमेवर घसारा घेता येत नाही. कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत) असाल तर हे क्रेडिट नाही.

कॉम्प्रेसरला खरा पैसा विजेला लागतो. ५ एचपी मोटर भाराखाली साधारण ४.४ किलोवॉट ओढते. दिवसाला पाच तास, महिन्याला २५ दिवस, युनिटला १० रुपये धरले तर ५,५०० रुपये (तुमच्या बिलावरचा दर घालून पाहा). वर्षात जवळपास मशीनची किंमत विजेत जाते. १ मिलिमीटरचं एक भोक ७ बारला (सुमारे १०० पीएसआय) सुमारे अडीच सीएफएम हवा सोडतं. दिवसाला आठ तास ते गळत राहिलं तर महिन्याला दीड हजाराहून जास्त. म्हणून संध्याकाळी टाकी भरून, मोटर बंद करून, हत्यारं न वापरता दहा मिनिटं प्रेशर पाहा. काटा उतरला तर जोडांवर साबणाचं पाणी लावा.

वाचलेल्या २६,००० पैकी काही मॉइश्चर सेपरेटर (हवेतलं पाणी वेगळं करणारा), फिल्टर-रेग्युलेटर आणि उतार दिलेल्या पाइपलाइनवर घाला. कोल्हापूरच्या पावसाळ्यात टाकीत भरपूर पाणी साचतं. ते गनमधून गेलं तर रंगावर फोड येतात आणि अख्खं पॅनल पुन्हा घासावं लागतं. ड्रेन कॉक रोज उघडा, नाहीतर टाकी आतून गंजते. कोणी स्वस्तात जुनी टाकी देऊ केली तर पत्र्याची जाडी आणि हायड्रो टेस्टचा (पाणी भरून दाब देऊन केलेल्या तपासणीचा) लेखी दाखला मिळाल्याशिवाय घेऊ नका. नव्या मशीनची ऑर्डर देताना एफएडीचा आकडा १०० पीएसआयवर किती, हे विक्रेत्याकडून कोटेशनवरच लिहून घ्या.