गाडी एक, भंगार दुसरं: जुन्या मोटरहोमचे प्रश्न

प्रश्न: काका नमस्कार, आम्ही ओहायोत असतो. 1976 ची 26 फुटी जीएमसी मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) घेतलीय, चालते पण खिळखिळी झालीय, आणि जवळच एका शेतावर तशीच दुसरी बंद पडलेली उभी आहे, मालक स्वस्तात देतोय. पार्ट्ससाठी घ्यावी का? नवरा म्हणतो सगळं काढून ठेवू, मला अंगणात भंगारवाला नकोय.

उत्तर: ताई, घ्या, पण नवऱ्याचं ऐकू नका. ही गाडी 1973 ते 78 एवढीच बनली, 13 हजारांच्या आसपास, म्हणजे जे फक्त हिलाच बसतं तेच खरं सोनं. समोरच्या काचा, बाजूच्या खिडक्या, दार, मागचे चाकांचे आर्म, पुढचे हब, फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सकडून चाकांना जोर देणारी गिअरची पेटी), हे आधी काढा. इंजिन ओल्ड्समोबाइलचं 455, साडेसात लिटरचं, ते कारमध्येही यायचं त्यामुळे त्याचे पार्ट अजून मिळतात, आणि शेतावरची गाडी 77-78 ची निघाली तर आत 403 हे लहान इंजिन असू शकतं, ते आधी बघून घ्या.

फायनल ड्राइव्ह उचलायच्या आधी फिल प्लग (तेल भरायच्या भोकाचं बूच) उघडून बोट आत घाला, तेलात चमकी दिसली तर गिअर खाल्लेत, राहू द्या. गिअरबॉक्सची डिपस्टिक काढून वास घ्या, तेल लालसर असेल तर ठीक, काळपट आणि करपल्यासारखा वास येत असेल तर ते घरी आणून काय करणार.

रबर मात्र एकही आणू नका. टायर, होज म्हणजे रबरी नळ्या, मागच्या सस्पेन्शनमधल्या हवेच्या पिशव्या म्हणजे एअर बॅग, सगळं नवं. टायर दिसायला नवाकोरा असला तरी बाजूचा डीओटी नंबर वाचा, 2000 नंतरच्या टायरवर शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. आणि तुमच्या स्वतःच्या गाडीत पहिलं काम फ्युएल होजचं, पडदे-सोफे नंतर! आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुना होज आतून कुजतो, आणि या गाडीत इंजिन ड्रायव्हरच्या पायाशी झाकणाखाली बसलंय, तिथे थेंब गळला तर आग आत लागते, बाहेर नाही. नवा होज घेताना इथेनॉल सोसणाऱ्या होजवरचं जे30 आर9 मार्किंग बघा.

एक सक्त ताकीद: मागे एअर बॅगवर उभी असलेली गाडी हवा गेली की खाली बसते, स्टँड लावल्याशिवाय कुणीही खाली शिरायचं नाही, जॅकवर भरवसा तर अजिबात नाही. ब्रेक ड्रमची धूळ कंप्रेसरने उडवू नका, त्या काळच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. आणि मालकाकडून बिल ऑफ सेल, म्हणजे विक्रीची लेखी पावती, लिहून घ्या, भले तो ओळखीचा असला तरी.

प्रश्न: टेक्सासहून. जुन्या मोटरहोममधला गॅसवर चालणारा फ्रिज फुकट मिळतोय, मागच्या पाइपवर पिवळी पावडर दिसते, पुसून लावला तर चालेल?

उत्तर: नाही चालणार, त्या पावडरीला हात पण लावू नका. ती पावडर म्हणजे आतला थंडावा करणारा अमोनिया गळून गेल्याची खूण, पिवळा रंग गंजरोधक क्रोमेटचा असतो आणि ते विषारी आहे. युनिट मेलंय, फुकटचा फ्रिज महागात पडेल. आतले कप्पे-ट्रे आणि दाराचं हँडल मात्र स्वच्छ असतील तर घ्या, तुटलेल्यांच्या जागी कामाला येतात.