निफाडच्या थंडीत न उठणारा कॉम्प्युटर, आणि इतर पत्रं

कॉम्प्युटर दुरुस्तीबद्दल मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत एकच ओळ असते: ‘कॉम्प्युटर चालू होत नाही.’ नाशिकच्या सिडकोतल्या माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईकही हेच म्हणतं आणि माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठपर्यंत येऊन थांबतो? लाईटच लागत नाही? पंखा फिरतो पण स्क्रीन काळी? कंपनीचं नाव येऊन अडकतो? की विंडोजचं चिन्ह दिसल्यावर लटकतो? ‘फॉरमॅट मारून टाका’ हा सल्ला झालाच तर शेवटच्या तक्रारीला लागू पडतो. आधीच्या तिन्ही ठिकाणी विंडोजचा नंबरच लागलेला नसतो. तरी लोक फॉरमॅटचे पैसे देऊन बसतात, आणि वर नातवंडांचे फोटोही जातात. तेव्हा पत्र लिहिताना मशीन कुठे थांबतं तेवढं जरूर लिहा.

प्रश्न : ताई, २०१२ साली असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर आहे. फवारणीच्या नोंदी, मालाचे हिशोब, सगळं त्यावरच. डिसेंबर लागला की सकाळी बटण दाबल्यावर पंखा अर्धा फेरा मारून थांबतो. पाच-सहा वेळा दाबलं की चालू होतो, मग रात्रीपर्यंत काही कुरकुर नाही. उन्हाळ्यात एका दमात चालू होतो. आता मी रात्री बंदच करत नाही. गावातला मुलगा म्हणतो, मदरबोर्ड गेला. खरं का?
— एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : दादा, मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावर, खर्च करू नका, निदान आत्ता तरी नको. ‘थंडीत अडतो, तापला की चालतो’ हे तुम्ही लिहिलंत तिथेच अर्धं निदान झालं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा हिवाळ्यात किती खाली येतो ते तुम्हाला मी काय सांगायचं, बागेत शेकोट्या तुम्हीच पेटवता. त्याच थंडीत तुमचा एसएमपीएस गारठतो.

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा, वायरींचा जुडगा निघालेला पत्र्याचा डबा, भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागते तशी करून देणारा. त्यात उभ्या नळकांड्यांसारखे, वीज साठवणारे कपॅसिटर असतात आणि त्यांच्या पोटात एक द्रव असतो. वर्षानुवर्षं गरम होऊन तो सुकत जातो. जो काही उरतो तो थंडीत तूप थिजावं तसा जड होतो, विरोध वाढतो आणि सुरुवातीला लागणारा जोर मिळत नाही. बोर्डाला व्होल्टेज कमी पडलं की तो लगेच बंद होतो, म्हणून पंख्याचा अर्धाच फेरा. तुम्ही परत परत बटण दाबता तेव्हा दर खेपेला डबा थोडा थोडा तापतो आणि शेवटी एकदाचा उठतो. त्यातही एक छोटा भाग, कॉम्प्युटर बंद असताना बोर्डाला पाच व्होल्ट पुरवणारा, प्लग लावलेला असेपर्यंत चोवीस तास जागा असतो. बहुतेक वेळा तोच आधी थकतो.

खात्री अशी करा. सकाळी चालू करण्याआधी घरातला हेअर ड्रायर मंद आचेवर ठेवून एसएमपीएसच्या जाळीतून दोन मिनिटं गरम हवा जाऊ द्या आणि मग बटण दाबा. पहिल्याच दमात उठला तर दोष डब्याकडेच असण्याची दाट शक्यता. मल्टिमीटर असेल तर त्याहून बरं. बोर्डात खोचलेल्या चोवीस पिनांच्या मोठ्या कनेक्टरमधे मागच्या बाजूने टोक घाला. कॉम्प्युटर बंद पण प्लग चालू असताना जांभळी आणि काळी वायर यांत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. कॉम्प्युटर चालू असताना पिवळी आणि काळी यांत ११.४० ते १२.६०. आकडा सकाळी खाली आणि दुपारी जागेवर, असं दिसलं तर वादच मिटला.

मल्टिमीटर हातात आहेच तर पहाटे भिंतीतल्या सॉकेटमधलंही व्होल्टेज एकदा बघून घ्या. बागांना पाणी द्यायला मोटारी एकदम चालू झाल्या की लाईन बसते. ती १८० च्या आसपास येत असेल तर नव्या डब्यालाही त्रास होणार. तिथे स्टॅबिलायझरचा विचार करा.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. एसएमपीएसचं झाकण उघडून कपॅसिटर बदलायला बसू नका, यूट्यूबवर कितीही सोपं दिसलं तरी. आतल्या मोठ्या कपॅसिटरमधे प्लग काढल्यानंतरही ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. डबा अख्खा बदला. घेताना ‘४५० वॅट’ असं नुसतं स्टिकर बघू नका, हातात घेऊन वजन बघा. फुलासारखा हलका डबा आत काय वाचवलंय ते सांगतोच. ‘८० प्लस’चा, म्हणजे वीज कमी वाया घालवण्याचा, शिक्का असलेला घ्या. डबा बदलताना कॅबिनेटचं झाकण उघडलंच आहे तर मदरबोर्डवरचे कपॅसिटरही न्याहाळा. त्यांची टोपणं सपाट हवीत. एखादं फुगलेलं किंवा तपकिरी डाग पडलेलं दिसलं, तर गावातल्या त्या मुलाचंही थोडं खरं आहे असं समजा.

रात्रभर चालू ठेवण्याची तुमची युक्ती चालते खरी, पण त्याने तोच डबा अजून लवकर सुकतो.

प्रश्न : आमचं घर तीर्थपुरोहितांचं. सासऱ्यांच्या यजमानांच्या वह्यांतल्या वंशावळी मी गेली काही वर्षं कॉम्प्युटरवर उतरवते आहे. मशीन २००९ चं, विंडोज सेव्हन. रोज चालू केलं की तारीख १ जानेवारी २००९ होते, काळ्या पडद्यावर ‘एफ वन दाबा’ असं इंग्रजीत येतं आणि बँकेची साईट उघडत नाही. एका दुकानदाराने आतला सेल बदलला. तेव्हापासून विंडोजचं चिन्ह येतं, निळा पडदा क्षणभर चमकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. तो म्हणतो विंडोज उडालं, फॉरमॅट मारावं लागेल. सगळ्या नोंदी त्यातच आहेत. काय करू?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : वहिनी, फॉरमॅटला सपशेल नाही म्हणा. नोंदी जागेवर आहेत असं मी पत्रावरून सांगते, कारण ही कहाणी माझ्या टेबलावर फार वेळा आली आहे.

सेलचं निदान त्या माणसाने बरोबर केलं. बोर्डावरचा रुपयासारखा दिसणारा सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा सेल घड्याळ चालवतो आणि बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डातल्या छोट्या प्रोग्रामच्या, सेटिंग लक्षात ठेवतो. तो संपला की मशीन कारखान्यात भरलेल्या तारखेवर परत जातं. बँकेची साईट उघडत नव्हती तीही त्यामुळेच. साईटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते आणि २००९ मधे बसलेल्या तुमच्या मशीनला ते अजून जन्मालाच न आलेलं दिसतं. रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असेल तर हा सेल लवकर संपतो, कारण प्लग चालू असताना घड्याळाला वीज एसएमपीएसकडून मिळते. म्हणून बटण चालू ठेवा असं मात्र मी म्हणणार नाही. सेल स्वस्त आहे, पावसाळ्यातल्या विजा महाग पडतात.

गडबड झाली ती पुढे. सेल काढला तेव्हा सेटिंग पुसल्या गेल्या, आणि नवा बसवल्यावर बायोसमधे कारखान्यातल्या सेटिंग भरल्या गेल्या. त्यांत एक नोंद असते, हार्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं याची. तुमचं विंडोज टाकलं तेव्हा ती ‘एएचसीआय’वर असावी, आता ती ‘आयडीई’वर गेली असणार. विंडोज सेव्हनला हा बदल सहन होत नाही, ते स्वतःची डिस्कच ओळखत नाही आणि निळा पडदा टाकतं.

आधी पडताळा घ्या. चालू करताच एफ एट हे बटण टिचक्या मारल्यासारखं दाबत राहा. यादी येईल, त्यात आपोआप रीस्टार्ट होणं थांबवण्याचा पर्याय असतो, ‘डिसेबल ऑटोमॅटिक रीस्टार्ट’ या शब्दांनी सुरू होणारा. तो निवडला की निळा पडदा पळून जाणार नाही. त्यावर ‘स्टॉप’च्या पुढे शून्यांच्या रांगेनंतर ‘७बी’ दिसलं तर माझं म्हणणं बरोबर.

मग पुन्हा चालू करताना डिलीट किंवा एफ टू दाबून बायोसमधे जा. ‘इंटिग्रेटेड पेरिफेरल्स’ किंवा ‘स्टोरेज कॉन्फिगरेशन’ अशा नावाच्या पानावर साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, मोड सापडेल. तो आयडीईवरून एएचसीआयवर न्या. तो आधीच एएचसीआयवर असेल तर उलटं करून बघा. तारीख-वेळ भरा, एफ टेन दाबून सेव्ह करा. हे करण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. त्या दुकानदाराने सेल काढण्याआधी एवढंच केलं असतं तर तुम्हाला पत्र लिहावं लागलं नसतं. तारीख पुन्हा मागे जाऊ लागली तर त्याने सीआर २०२५ तर बसवला नाही ना, ते बघा. तो दिसायला तसाच, पण जाडी ३.२ ऐवजी २.५ मिलिमीटर, त्यामुळे खाचेत सैल बसतो.

मशीन उठलं की त्याच दिवशी सगळ्या वंशावळी दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवा, एक पेन ड्राईव्ह आणि एक घराबाहेर, भावाकडे किंवा क्लाऊडवर. मूळ वह्या गोदाघाटाच्या कित्येक पुरांतून वाचल्या असतील. सोळा-सतरा वर्षांची हार्ड डिस्क तेवढी टिकण्याचा भरवसा देता येत नाही. आणि विंडोज सेव्हनला जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे अपडेट बंद आहेत, तेव्हा बँकेचे व्यवहार या मशीनवरून करू नका.

प्रश्न : पावसाळ्यानंतर क्लासमधला जुना कॉम्प्युटर लावला तर नुसता ‘बीप बीप’ करतो. पंखा फिरतो, स्क्रीन काळी.
— एक शिकवणीचालक, घोटी

उत्तर : इगतपुरी-घोटीकडून ऑक्टोबरमधे येणाऱ्या मशीनची ही नेहमीची तक्रार. बहुधा रॅम आहे, म्हणजे बोर्डात खोचलेली मेमरीची पट्टी. चार महिन्यांच्या दमट हवेत तिच्या सोनेरी पट्ट्यांवर अदृश्य थर चढतो. प्लग काढा, मग सुरू करायचं बटण एकदा दाबा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. रॅमच्या क्लिपा मागे ढकलून पट्टी उपसा, साध्या पांढऱ्या खोडरबराने हलके घासा आणि भुकटी ब्रशने बोर्डापासून लांब झटका. बसवताना क्लिप ‘टक्’ वाजून आपोआप मिटली पाहिजे. लोक अर्धवट बसवतात आणि रॅमला शिव्या घालतात. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, खाचही बदलून बघा. बीपचा तक्ता मी मुद्दाम देत नाही, बायोस बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे त्याचे अर्थ बदलतात.

टॉर्च लावून एसएमपीएसच्या जाळीतही डोकवा. तुमच्या भागात पाली ऊब शोधत आत शिरतात, आणि तो वास एकदा आला की विसरत नाही.

प्रश्न : विंडोज टेन उघडायला दहा मिनिटं लागतात, मधून आतून ‘टक टक’ आवाज येतो. चौथ्या पिढीचा आय थ्री. नवा घेऊ का?
— एक निवृत्त सुभेदार, देवळाली कॅम्प

उत्तर : सुभेदारसाहेब, हळू आणि ‘टक टक’ यांत दुसरी गोष्ट गंभीर. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे. तिच्यावर तपासणीचे प्रोग्राम चालवू नका, त्या ताणानेच ती जाते. आधी कामाच्या फाईल बाहेर काढा, मग डिस्क काढून २.५ इंची साटा एसएसडी, म्हणजे आत काही फिरत नसलेली जलद डिस्क, लावा. त्याच मशीनवर विंडोज मिनिटाच्या आत उघडावं. नव्याचा खर्च केवळ वेगासाठी करायची गरज नाही.

पण विंडोज टेनचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज इलेव्हन इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर सहसा अधिकृतपणे चालत नाही. जुगाड करून टाकून देणारे भेटतील, मी तसं करून देत नाही. पेन्शनचं बघणं, मेल, मराठी टायपिंग एवढंच असेल तर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट टाकून घ्या. काही दिवस चिडचिड होईल, मग हात बसेल.

प्रश्न : चालू करताना कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. घर जुना वाडा आहे.
— एक वाचक, जुनं नाशिक

उत्तर : तुमच्या वाड्यात अर्थिंग नाही, किंवा तुम्ही तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला आहे. एसएमपीएसच्या आत पत्र्याला जोडलेले छोटे फिल्टर असतात. अर्थिंग असेल तर त्यांची गळती जमिनीत जाते, नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. प्रवाह अगदी किरकोळ असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या एसएमपीएसमधे खरा बिघाड झाला तर तोच पत्रा पूर्ण २३० व्होल्टचा झटका देऊ शकतो. कन्व्हर्टर आज काढा. वायरमनला बोलावून त्या सॉकेटच्या वरच्या जाड भोकात अर्थिंग खरंच येतं का ते तपासून घ्या. जुन्या वाड्यांत भोक असतं आणि मागे वायरच नसते. तोवर ते मशीन बंद ठेवा, आणि नळाच्या पाइपाला तार बांधून काम भागवू नका. खालच्या मजल्यावर कुणीतरी पाणी भरत असतं.