दाताच्या पल्पमधून (आतल्या मऊ गरातून) स्टेम सेल, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी, काढायच्यात? आधी दात नीट निवडा
नवीन आहात तर माझं ऐका, सुरुवात अक्कलदाढेपासून करा. ती बऱ्याचदा न किडलेलीच काढली जाते, पल्प भरपूर मिळतो, आणि २००० साली ग्रॉन्थोस, शी वगैरे संशोधकांनी पल्पमधल्या स्टेम सेल पहिल्यांदा वेगळ्या केल्या त्या पण अक्कलदाढेतूनच. मूळ पूर्ण बनलेलं नसेल तर टोकाशी अ‍ॅपिकल पॅपिला (मूळ बनवणारा मऊ भाग) असतो, तो आधी बाजूला काढा, त्यातल्या सेल्स पल्पपेक्षा वेगळ्या, मिसळल्या की डेटा बिघडलाच.

तारा लावण्यासाठी काढलेले प्रीमोलर (सुळ्यामागचे छोटे दात) पण छान, फक्त पल्प कमी.

दुधाचे दात मात्र मला मनापासून आवडतात, त्यातल्या सेल्स अक्कलदाढेतल्यांपेक्षा भराभर वाढतात, पण पडायला आलेल्या दाताचं मूळ विरघळलेलं असतं, पल्प जेमतेम उरतो आणि दात कोरडा पडला तर हाती काहीच लागत नाही, म्हणून डेंटिस्टला आधीच सांगून ठेवा की दात निघाला की लगेच अँटिबायोटिकवाल्या थंड मीडियममध्ये (सेल्स जिवंत ठेवणाऱ्या द्रावणात) टाका.

दात फोडताना बर (ड्रिलचं टोक) पल्पपर्यंत नेऊ नका, उष्णतेने सेल्स मरतात, पाणी सोडत नुसती खाच पाडा आणि मग फोडा. पुढे पल्प विरघळवून सेल्स सुट्या करायला कोलॅजिनेज-डिस्पेज ही एन्झाइम्स, ३७ अंशांवर साधारण तासभर.

आणि प्लेटला चिकटल्या म्हणजे स्टेम सेल झाल्या असं नाही हं! सेलच्या पृष्ठभागावरच्या ओळखखुणा (मार्कर प्रोटीन) तपासा: सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ पॉझिटिव्ह, सीडी४५ निगेटिव्ह, शिवाय हाड, चरबी, कूर्चा तिन्हीकडे वळतात का ते बघा. दातांच्या प्रकारांची तुलना करायची असेल तर शक्यतो एकाच माणसाचे दात घ्या, नाहीतर फरक दाताचा की वयाचा हेच कळणार नाही.