नाण्यांविषयी वाचकांचे प्रश्न : शोभेच्या वस्तूंत बसवलेली जुनी नाणी

प्रश्न : आजोबांच्या वस्तूंमध्ये पट्ट्याचे एक पितळी बक्कल सापडले असून त्याच्या मध्यभागी १८८९ सालचा अमेरिकन चांदीचा डॉलर बसवलेला आहे. नाणे मोकळे केल्यास संग्राहक त्याला अधिक मोल देतील का? मोकळे करायचे झाल्यास ते कसे करावे?

उत्तर : आपल्या बक्कलातील नाणे ‘मॉर्गन डॉलर’ या नावाने ओळखले जाते. ते १८७८ ते १९०४ या काळात आणि पुढे १९२१ मध्ये पाडले गेले. त्याचे मूळ वजन २६.७३ ग्रॅम असून त्यात ९० टक्के चांदी असते. म्हणजे नाण्याची कितीही हेळसांड झाली असली तरी सुमारे २४ ग्रॅम चांदीचे मोडीचे मोल हाती राहतेच. त्याहून अधिक काही मिळेल का, हे मात्र बक्कलात झाकल्या गेलेल्या बाजूवर अवलंबून आहे, कारण या डॉलरवर टांकसाळीचे अक्षर मागच्या बाजूस, गरुडाखालच्या पर्णमालेच्या गाठीखाली असते. १८८९ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत २ कोटींहून अधिक डॉलर पाडले गेले आणि त्यांवर असे कोणतेही अक्षर नाही. त्याच वर्षी कार्सन सिटीच्या टांकसाळीने केवळ ३ लाख ५० हजार डॉलर पाडले आणि त्यांवर ‘सीसी’ ही रोमन अक्षरे आहेत. पहिले नाणे संग्राहकाला कधीही मिळू शकते. दुसऱ्याच्या शोधात मात्र तो वर्षानुवर्षे असतो आणि ते झिजलेले किंवा सदोष असले, तरी चांदीच्या मोलापेक्षा कितीतरी अधिक देऊन घेतो.

म्हणून पक्कड हाती घेण्यापूर्वी बक्कल मागून भिंगाखाली नीट पाहावे. काही बक्कले मागून उघडी असतात आणि अक्षर आहे की नाही, हे नाणे न काढताच कळते. अक्षर नसेल, तर बक्कल आहे तसेच ठेवावे, असे आम्हाला वाटते; ते मोडून आपल्या हाती पडेल ते एक सर्वसामान्य आणि बहुधा डागाळलेले नाणे.

मागची बाजू पूर्ण झाकलेली असेल, तर नाणे कशाने धरले आहे ते पाहावे. कोंदणाचे नुसते दाते वळवलेले असतील, तर कुशल सोनार ते अलगद उघडू शकतो. नाणे चिकटवलेले असेल, तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये भिजत ठेवल्याने बहुतेक गोंद सैल होतात आणि चांदीला त्याने इजा होत नाही. हे काम हवेशीर जागी, विस्तवापासून दूर करावे आणि सुटलेला गोंद चोळून काढू नये. झाळ दिलेली असेल, तर मात्र हात लावू नये, हा आमचा आग्रहाचा सल्ला आहे. झाळ सोडवताना नाण्याला पुन्हा उष्णता द्यावी लागते, त्याने पृष्ठभागाचा मूळ पोत जातो. आणि उरलेली झाळ कानशीने घासली की कडेचे दाते व अक्षरांचे उठाव तिच्याबरोबर निघून जातात. नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था चांगल्या नाण्याला १ ते ७० यांपैकी एक अंक देतात. दागिन्यातून काढल्याच्या खुणा दिसणाऱ्या नाण्याला त्या असा अंक देत नाहीत, दोषाचा शेरा तेवढा लिहितात. त्या एका शेऱ्याने नाण्याचे मोल बरेच खाली येते. नाणे काढलेत किंवा नाही काढलेत, तरी ते पावडर लावून चकचकीत करण्याचा मोह आवर्जून टाळावा.

प्रश्न : माझ्याकडे अ‍ॅक्रिलिकच्या पारदर्शक ठोकळ्याचे पेपरवेट आहे. त्यातील नाण्यांत १९४३ चा एक तांबडा अमेरिकन सेंट दिसतो. तो दुर्मीळ असतो, असे ऐकले आहे. ठोकळा विरघळवावा का?

उत्तर : आधी एक चांगला लोहचुंबक ठोकळ्यावरून फिरवून पाहावा. युद्धासाठी तांबे हवे असल्याने १९४३ चे सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले गेले आणि चुकून तांब्याच्या मिश्रधातूवर उमटलेली नाणी फारच थोडी आहेत. याउलट, पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा देऊन ते शोभेसाठी विकण्याची पद्धत जुनी आहे. नाणे ओढले गेले, तर शंका उरत नाही. ओढले गेले नाही, तरी हुरळून जाऊ नये, कारण १९४८ च्या सेंटवरील ८ हा अंक घासून ३ केलेली नाणीही पुष्कळ आढळतात. असे नाणे ठोकळ्यासकट जाणकाराला दाखवावे. अ‍ॅसिटोन येथे वापरू नये, त्याने अ‍ॅक्रिलिक पांढुरके पडते आणि तडकते.

प्रश्न : घोड्याच्या नालेच्या आकाराच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीत १९०१ चा सेंट बसवलेला असून तिच्यावर बफेलो येथील प्रदर्शनाचे नाव आहे. यात मोल कशाचे धरावे, नाण्याचे की चकतीचे?

उत्तर : चकतीचे, आणि तेही नाणे तिच्यात आहे तोवरच. १९०१ मध्ये सुमारे ८ कोटी सेंट पाडले गेले, त्यामुळे एकट्या नाण्याला फारसे मोल नाही. पण अशा चकत्या त्या वर्षीच्या पॅन-अमेरिकन प्रदर्शनापासून लोकप्रिय झाल्या आणि आज त्यांचा स्वतंत्रपणे संग्रह करणारे लोक आहेत. याच प्रदर्शनात ६ सप्टेंबर १९०१ रोजी अध्यक्ष विल्यम मॅकिन्ले यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यामुळे तेथील स्मृतिवस्तू इतिहासप्रेमींनाही हव्या असतात. चकतीच्या मधल्या छिद्रात सेंट ठेवून दोन्ही ठशांमध्ये दाब दिला जाई आणि मऊ अ‍ॅल्युमिनियम आत सरकून नाण्याची कड घट्ट धरून ठेवी. झाळ किंवा गोंद लागत नसे. म्हणूनच जाणकार ग्राहक प्रथम छिद्राची आतली कड पाहतो. तिथे ओरखडे असतील, नाणे हलत असेल किंवा नाण्यावरचे साल प्रदर्शनाच्या नंतरचे असेल, तर मूळ सेंट काढून दुसरा बसवला आहे, असे तो समजतो. आपल्या चकतीवरील साल जुळते आहे. नाणे बोटाने ढकलून न पाहता कड तेवढी भिंगाखाली तपासावी.