लवलीना बोरगोहाईं बॉक्सिंगकडे कशी वळली?

आसामच्या गोलाघाट जिल्ह्यातील बारोमुखिया या खेड्यात, वडिलांच्या तुटपुंज्या मिळकतीवर वाढलेली लवलीना जुळ्या बहिणींच्या मागोमाग आधी मुए थाई (हातापायांनी लढण्याची थायलंडची युद्धकला) शिकली. वडिलांनी आणलेली मिठाई ज्या वर्तमानपत्रात बांधलेली होती, त्याच तेलकट कागदावर तिला महान बॉक्सर मोहम्मद अली प्रथम भेटले, हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. २०१२ मध्ये प्रशिक्षक पदुम बोरो यांनी तिला हेरले आणि खरी वाटचाल सुरू झाली. टोकियो ऑलिंपिकमध्ये, पूर्वी जिच्याकडून हार पत्करली होती त्या तैवानच्या चेन निएन-चिनला ४-१ असे नमवून तिने ६९ किलो गटात कांस्यपदक निश्चित केले. त्याच सुमारास तिच्या गावाच्या चिखलाच्या रस्त्याचे कामही मार्गी लागले. २०२३ मध्ये दिल्लीत ७५ किलो गटात ती विश्वविजेती झाली.