वाचकांचे प्रश्न : सुदानमध्ये लोक खरंच पेंड खातायत का?

प्रश्न : बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आईबरोबर खडी फोडायला जायचो, तिथं सुकडी मिळायची आणि रेशनला ती लाल मिलो. कुणालाच आवडायची नाही पण तिनंच जगवलं. आता नातू मोबाईलवर दाखवतो की सुदानमध्ये माणसं जनावरांची पेंड खातायत. खरंय का हे? आणि एवढ्या मोठमोठ्या संस्था असताना धान्य पोचत का नाही?
(बार्शीहून एक वाचक)

उत्तर : काका, खरंय. अल फाशर नावाचं शहर आहे, सुदानच्या पश्चिमेला, दारफूरमध्ये. तिथं भुईमुगाचं तेल काढून उरलेली पेंड, तिला ते अंबाझ म्हणतात, ती लोक पाण्यात भिजवून शिजवून खात होते, पोरांनाही तेच, आणि पुढे पुढे तर ती पेंडसुद्धा मिळेनाशी झाली. तुम्ही गावाकडचे, पेंड हातात घेतली की कशी टणक लागते, दाताखाली कशी येते ते मी तुम्हाला सांगायला नको.

आणि गंमत नाही, दुःख हे की हा देश धान्य न पिकवणारा नाहीच. ज्वारी हे त्यांचं मुख्य अन्न, आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची किसरा करतात, आपल्या धिरड्याहून पातळ, आणि असीदा म्हणजे साधारण आपला घाटा. पूर्वेकडचा गदारिफ भाग ज्वारीचं कोठार आहे. पण 15 एप्रिल 2023 ला लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं, शेतकरी पळाले, बाजार लुटले गेले. डिसेंबर 2023 मध्ये वाद मदनी नावाच्या शहरातलं संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचं गोदाम लुटलं, त्यात 15 लाख लोकांना महिनाभर पुरेल एवढं अन्न होतं.

अल फाशरला मे 2024 पासून आरएसएफचा वेढा होता. शेजारच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत ऑगस्ट 2024 मध्ये अधिकृतपणे दुष्काळ, म्हणजे भूकबळीचा दुष्काळ, जाहीर झाला, आणि हा शब्द उपासमार मोजणारे तज्ज्ञ उगाच वापरत नाहीत, दर 10,000 माणसांमागे रोज 2 मृत्यू असली मोजमापं लावून मगच ठरवतात. शेजारच्या चाड देशातून मदत यायचा आद्रेचा रस्ता फेब्रुवारी 2024 मध्ये बंद केला गेला, तो उघडला ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात, जेव्हा तिथले ओढे फुगतात आणि ट्रक चिखलात रुततात. जून 2025 मध्ये मदतीच्या 15 ट्रकचा ताफा पोर्ट सुदान बंदरातून निघाला, 1,800 किलोमीटर आला, अल फाशर 80 किलोमीटरवर राहिलं होतं, पुढे जायच्या परवानगीसाठी अल कोमा गावी थांबला आणि रात्री त्याच्यावर हल्ला झाला. 5 माणसं गेली. दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवलं. मी तेव्हापासून कुणी "मदत का पोचत नाही" विचारलं की हे 80 किलोमीटरच सांगते. बहात्तरला पाऊस नव्हता पण बार्शीचा रस्ता कुणी बंदूक घेऊन अडवला नव्हता, काका. तिथं वाट अडवणं हेच हत्यार झालंय. शेवटी ऑक्टोबर 2025 मध्ये ते शहर आरएसएफनं घेतलं.

प्रश्न : मग विमानातून का टाकत नाहीत? गाझात टाकलं होतं ना?
(नाशिकहून एक कॉलेज विद्यार्थी)

उत्तर : टाकतात रे, शेजारच्या दक्षिण सुदान या वेगळ्या देशात कितीतरी वर्षं टाकतायत, पोती एकात एक घालून, म्हणजे बाहेरचं फाटलं तरी आतलं टिकतं. पण हिशोब कर. माणशी रोज अर्धा किलो धर, अल फाशरमध्ये वेढ्यात अडीच लाखाच्या वर लोक होते, म्हणजे रोज सव्वाशे टन. मोठ्या विमानातून एका खेपेला साधारण 30 टन पडतात, म्हणजे रोज चार-पाच खेपा. त्यात खाली मोकळं मैदान हवं, राखायला आणि वाटायला माणसं हवीत, विमान पाडणार नाही अशी कबुली हवी. गाझात मार्च 2024 मध्ये पॅराशूट न उघडल्यामुळे पेट्या अंगावर पडून माणसं मेली. रस्ता असेल तर ट्रकच बरा, स्वस्तही कितीतरी पट.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. तिथं कुपोषित मुलांना खायला जे पाकीट देतात ते आपल्या ग्राम बाल विकास केंद्रातल्यासारखंच असतं का?
(धारणी, मेळघाट)

उत्तर : ताई, बरंचसं तसंच. पोराच्या दंडाचा घेर मोजायची पट्टीही तीच, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलं की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. पाकीट 92 ग्रॅमचं, 500 कॅलरी, शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, तेल, साखर आणि जीवनसत्त्वं. कोपरा फाडायचा आणि पोरानं चोखायचं, पाणी लागत नाही. हे फार मोठं आहे, कारण तिथं कॉलरा पसरला होता आणि पाणी मिसळून द्यायचं म्हटलं तर औषधाचंच विष व्हायचं. मला एक गोष्ट राहून राहून टोचते ताई, सुदान हा जगातल्या मोठ्या भुईमूग पिकवणाऱ्या देशांपैकी एक, त्याच शेंगेचं एक रूप हे पाकीट आणि दुसरं रूप ती पेंड, आणि वेढ्यातल्या पोराच्या वाट्याला आली ती पेंड.

प्रश्न : आमचं मंडळ ज्वारी आणि जुने कपडे गोळा करून पाठवायचं म्हणतंय. कुठे द्यायचे?
(पुणे)

उत्तर : मनापासून सांगते, गोळा करू नका. भाडं, गोदाम, कस्टम यातच ज्वारीच्या किमतीपेक्षा जास्त जाईल आणि पोती बंदरात पडून राहतील. पैसे द्या, म्हणजे धान्य जिथं आहे तिथल्या जवळच्या बाजारातच घेता येतं. तिथं गल्लोगल्ली लोकांनीच सार्वजनिक स्वयंपाकघरं चालवलीत, तकाया म्हणतात त्यांना, पूर्वीपासूनची रीत आहे ती, आता आपत्कालीन मदत कक्ष नावाचे तरुण पोरापोरींचे गट ती सांभाळतात. परदेशातले नातेवाईक बँकक नावाच्या मोबाईल अॅपवरून पैसे टाकतात, स्वयंसेवक त्याची रोकड करून घेतात, त्यात व्यापारी कमिशन कापतो, मग पीठ, मसूर, सरपण. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली तेव्हा यातली शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली, कारण साठा असा नसतोच, आज पैसे आले तर उद्या पातेलं चढतं.

त्यामुळे मंडळानं ज्या संस्थेला द्यायचं ठरवाल तिला एवढंच विचारा की तुमचा पैसा या स्वयंपाकघरांपर्यंत जातो का, आणि हिशोब दाखवता का. परदेशात पैसे पाठवायचे नियम असतात, आधी बँकेच्या शाखेत विचारून घ्या. आणि एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा थोडी थोडी पण दर महिन्याला द्या, त्या पातेल्याला तसंच लागतं.